भर उन्हातले पक्ष्यांचे फोटो घरी आल्यावर कसे सुधारायचे?

चक्रवाक

नमस्कार मंडळी,

या विषयावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आपल्या भागात पक्षी बघायला जाणाऱ्यांचा पहाटेचा मुहूर्त सहसा हुकतोच. पहिली एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं, तिथून कुणाच्या तरी मोटरसायकलवर धरणाच्या काठाला जायचं, तोवर नऊ-साडेनऊ वाजतात. वर मराठवाड्याचं ऊन. घरी येऊन कार्ड उघडलं की बगळा म्हणजे पांढरा डाग, कोतवाल म्हणजे काळा डाग, आणि सगळं डिलीट. सकाळी लवकर जा, हा सल्ला खरा आहे. पण ज्याला मोकळा वेळच दुपारचा मिळतो त्याचे फोटो वाया का जावेत?

माझं म्हणणं एवढंच आहे की उन्हातल्या फोटोचा सकाळचा फोटो करायला जाऊ नका. ऊन उन्हासारखं दिसू द्या. पांढऱ्या पिसांतला तपशील, पोटाखालची सावली आणि डोळा, एवढ्या तीन जागा नीट करा आणि हात आवरा. माझ्या पाहण्यातले बरेच फोटो उन्हापेक्षा नंतर स्लायडर ओढल्यामुळे जास्त बिघडलेले असतात.

आधी ऊन नेमकं काय करतं ते बघू. दुपारी पाठीवर पडणारा उजेड आणि पोटाखालची सावली यांतलं अंतर इतकं वाढतं की कॅमेऱ्याला दोन्ही टोकं एकदम पेलत नाहीत. एक जळतं, म्हणजे तपशील जाऊन कोरं पांढरं होतं, नाहीतर दुसरं काळोखात बुडतं. शिवाय सावलीत जो थोडा उजेड पोचतो त्यात निळ्या आभाळाचा वाटा मोठा असतो, म्हणून पांढऱ्या पक्ष्याची सावलीतली बाजू निळसर येते, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी. आणि पिसांवर, पानांवर, ओल्या चिखलावर एक पांढरी चकाकी चढते, तिच्याखाली मूळ रंग फिका पडतो. चौथी गोष्ट जमिनीवरून उठणाऱ्या झळांची. तिच्यावर घरी बसून इलाज नाही, त्यामुळे ती सध्या बाजूला ठेवतो.

आता जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावरचा, म्हणजे मागे साठलेल्या पाण्यावरचा, शेकाट्याचा एक फोटो घेतो. पाठ काळी कुळकुळीत, छाती पांढरीफेक, पाय गुलाबी, डोळा लाल. उन्हाची परीक्षा घेणारा याच्याइतका चांगला पक्षी नाही. फाइल रॉ आहे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली.

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रोफाइल (फोटो दाखवायची तयार शैली) बदलणं. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून जास्त कॉन्ट्रास्टचं प्रोफाइल लावतात. तिथे न्यूट्रल निवडा. एवढ्यानेच छातीवरचं अर्धं जळणं कमी होतं, कारण ते फाइलमध्ये नव्हतंच, दाखवण्यात होतं. मग एक्स्पोजर हळूहळू खाली आणतो. किती? पंख जिथे छातीला टेकतो तिथे पिसांच्या बारीक कडा एकावर एक दिसायला लागेपर्यंत. बाकी फोटो काळवंडला तरी काळजी नाही. त्यानंतर हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) थोडे खाली. हा स्लायडर तळाला नेला की पांढरा रंग राखाडी होतो आणि उन्हातला पक्षी ढगाळ दिवशी काढल्यासारखा दिसतो. कर्सर छातीवर ठेवला की लाइटरूम हे सॉफ्टवेअर उजेडाचे टक्के दाखवतं. मी तिथला आकडा ९० ते ९५ च्या आसपास ठेवतो. पांढरं पांढरंच राहतं आणि पिसंही दिसतात.

मग सावली. सगळ्या फोटोचे शॅडोज वर उचलले की मागचा चिखलही उजळतो आणि सगळं सपाट होतं. त्यापेक्षा पक्ष्याचा मास्क घ्या (म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होतो), त्यातही फक्त गडद भाग निवडा, आणि तेवढाच अर्धा ते पाऊण स्टॉप उचला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्याच मास्कमध्ये टेम्परेचर किंचित पिवळ्याकडे न्या म्हणजे निळसरपणा जातो. काळ्या पाठीत खवल्यांसारखी पिसं दिसू लागली की थांबायचं. त्यापुढे नॉइज (दाणेदारपणा) आणि जांभळट डाग वर येतात.

शेवटी डोळा. बुबुळापुरता छोटा ब्रश, एक्स्पोजर थोडं वर. डोळ्यात चमक नसेल तर रंगवून घालू नका. ती खोटी असते आणि ओळखू येते.

कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारी क्लॅरिटी मी जवळजवळ वापरत नाही. आभाळासमोरच्या पक्ष्याला तिने पांढरी कड येते. टेक्स्चर थोडं चालतं.

आपापले अनुभव लिहा. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

येलदरीचा_विद्यार्थी

दादा, लई मस्त लिवलंय. माझ्याकडं ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलणारा, मोठ्या झूमचा) आहे, त्याच्यात रॉ नाही, फक्त जेपेग. मी सध्या शिकायलोय. येलदरी धरणावर मोठ्या बगळ्याचे फोटो काढले, छाती पार कोरी आलीय. हायलाइट्स खाली ओढलं तर नुसतं राखाडी व्हायलंय, पिसं काई दिसंनात. याला काय करता येईल?

चक्रवाक

त्या फोटोत पिसं येणार नाहीत, कारण ती फाइलमध्ये नोंदलीच गेलेली नाहीत. जेपेग ८ बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ असतात. त्यातही रॉमध्ये तिन्हीपैकी एखादाच रंग, बहुधा हिरवा, भरून वाहिलेला असेल तर उरलेल्या दोनांवरून सॉफ्टवेअर तपशील जुळवून आणतं. तिन्ही गेले की रॉलाही उपाय नाही.

पण ब्रिज कॅमेऱ्यावर उन्हाचं एक सुख आहे: ऊन बदलत नाही. स्वच्छ आभाळ असेल तर दहा वाजता जेवढं ऊन बगळ्यावर, जवळपास तेवढंच अकरा वाजता. म्हणून मॅन्युअलवर या, म्हणजे उजेडाचं माप स्वतः ठरवा. जुना हिशोब आहे, कडक उन्हात एफ १६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा) शटर म्हणजे एक भागिले आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), उत्तर सेकंदात. तुझ्या कॅमेऱ्यावर आयएसओ १००, एफ ५.६ ठेवलंस तर शटर १/८०० येतं. हे झालं मध्यम रंगाच्या पक्ष्याला. पांढऱ्याला एक स्टॉप कमी, म्हणजे १/१६००. कोतवाल किंवा पाणकावळ्याला एक स्टॉप जास्त, १/४००. हिवाळ्यात हवेत धूळ-धुरकट असेल तर थोडं इकडेतिकडे होतं, तेव्हा एक फोटो काढून बघायचा.

ऑटोवर भरवसा का नाही, तेही सांगतो. मीटरला पक्षी कळत नाही, चौकटीतला सरासरी उजेड कळतो. गडद पाण्यासमोर छोटा बगळा असला की मीटर पाणी बघून उजेड वाढवतं आणि बगळा जळतो. तोच बगळा चौकट भरून असला की उलटं होतं, तो मळकट येतो. मॅन्युअलवर पाठीमागे काहीही असो, बगळा तसाच येतो.

आणि मेनूत हायलाइट अलर्ट चालू कर. फोटो बघताना जळालेली जागा लुकलुकते.

सुगरण

वाचनखूण साठवली. फोनवरच एडिट करणाऱ्यांसाठी थोडं लिहिते. स्नॅपसीड मोफत आहे आणि पुरेसं आहे. ट्यून इमेजमध्ये हायलाइट्स आणि शॅडोज दोन्ही आहेत, पण ते सगळ्या फोटोला लागतात. पक्ष्यापुरतं काम सिलेक्टिव या टूलने करा: पक्ष्याच्या पोटावर बोट ठेवून बिंदू लावायचा, दोन बोटांनी त्याचा घेर लहान-मोठा करायचा, मग त्या घेरातला त्याच रंगाचा भाग तेवढा उजळतो. डोळ्यासाठी दुसरा बिंदू, अगदी छोट्या घेराचा. एचडीआर स्केप मात्र लावू नका. पक्ष्याभोवती उजळ वलय येतं, आणि व्हॉट्सअॅपवर दिसणारे निम्मे बिघडलेले फोटो त्याचेच असतात.

माळावरची_टिटवी

चक्रवाकदादा, लेख आवडला. एक गोष्ट मात्र राहिली असं वाटतं, आणि मी ती फार महत्त्वाची मानते: पक्ष्याखालची जमीन.

मी बीड-पाटोदा पट्ट्यातल्या माळांवर फिरते. आपल्याकडे एकाच दिवसात पायाखालची जमीन बदलत जाते. नांगरलेलं काळं रान, उघडा मुरमाड माळ, ज्वारी काढल्यानंतरची धसकटं, तळ्याकाठचा वाळून पांढरा पडलेला चिखल. वरून ऊन सगळीकडे सारखंच पडतं, खालून परत येणारा उजेड मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. काळी माती उजेड गिळून टाकते. तिच्यावर उतरलेल्या टिटवीचं पोट दुपारी काळपट येतं, पाय तर दिसतही नाहीत. तीच टिटवी धसकटांत उभी राहिली की खालून सोनेरी उजेड येतो आणि पोटावरचं पांढरं पांढरं दिसतं, तेही जरासं उबदार. वाळलेल्या चिखलावर किंवा उथळ पाण्यात तर खालून इतका उजेड येतो की एडिट करताना पोटाला हात लावावाच लागत नाही.

हे एकदा डोळ्यांत बसलं की दोन फायदे होतात. रानात असताना दुपारी मी काळ्या रानातल्या पक्ष्यामागे जात नाही, धसकटांच्या कडेला बसते. डोंबारी चंडोल, माळटिटव्या, तितर तिथेही येतात. आणि घरी आल्यावर सावली किती उचलायची ते जमीन बघून ठरतं. काळ्या मातीवरच्या पक्ष्याचं पोट खूप उजळलं तर फोटो खोटा वाटतो. का खोटा वाटतो ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खालची काळी जमीन आणि वरचं लख्ख पोट हे डोळ्याला पटत नाही. तिथे थोडी सावली राहू द्यावी. धसकटांवरच्या पक्ष्याच्या सावलीचा पिवळेपणा काढून टाकू नये, तो खरा आहे. दादांनी सांगितलेला टेम्परेचरचा उपाय काळ्या मातीवर आणि पाण्यावर लागू पडतो, धसकटांवर कमीच वापरावा.

उडत्या पक्ष्यालाही हाच नियम. काळ्या रानावरून जाणाऱ्या कापशी घारीच्या पंखांची खालची बाजू अंधारी येते, पाण्यावरून जाणारा नदी सुरय खालूनही उजळलेला असतो. दुपारी उडते पक्षी टिपायचेच असतील तर ते वळताना अंग तिरकं करतात तेव्हा टिपा. त्या क्षणी पंखाखाली थेट ऊन पोचतं.

चक्रवाक

ताई, हे मी लिहायला हवं होतं इतकं नेमकं आहे. जायकवाडीच्या काठाला दुपारचे फोटो बरे का येतात याचं उत्तरही यातच आहे. पाणी ओसरत जातं तसा सपाट चिखल उघडा पडत जातो आणि वरून वाळून फिका होतो. गाळपेराची (पाणी ओसरलेल्या जमिनीवरची) पिकं उभी राहिली की मात्र खालचा उजेड हिरवट होतो. हरभऱ्याच्या कडेला उभ्या असलेल्या बगळ्याच्या पोटावर हिरवी झाक येते, ती टिंट स्लायडरने (हिरवा-जांभळा तोल) काढण्याआधी एकदा ताईंचा मुद्दा आठवावा.

मांजराकाठ

चर्चा चांगली चालली आहे. थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. आमच्या दृष्टीने उन्हातला फोटो पुरावा असतो, आणि पुराव्याचा रंग बदलला की ओळख चुकते. उदाहरण देतो. मोठ्या रोहिताची (फ्लेमिंगोची) चोच गुलाबी आणि टोकाला काळी, लहान रोहिताची गडद लालसर. दुपारच्या चकाकीत दोन्हींचे रंग फिके पडतात. मग कुणी सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ओढतं, मोठ्या रोहिताचं अंग भडक गुलाबी होतं, चोच गडद होते आणि खाली चर्चा सुरू की हा लहान रोहित आहे का. बगळ्यांच्या बाबतीत तर चोच नि पाय यांच्या रंगावर सगळं अवलंबून.

म्हणून विनंती आहे की मूळ फाइल जपा, आणि ओळखीसाठी टाकताना एक्स्पोजर आणि सावली यापलीकडे जाऊ नका. रंगाचे स्लायडर नकोत.

चक्रवाक

सर, राग कसला, पूर्ण सहमत. खरं तर चकाकीखाली दबलेला रंग हायलाइट्स खाली आणल्यावर आपसूक परत येतो, सॅच्युरेशनची गरजच पडत नाही. स्पर्धेला फोटो पाठवणाऱ्यांनीही मूळ रॉ जपावी, अनेक स्पर्धा ती मागतात.

कोतवाल_जालना

मी डार्कटेबलवाला, म्हणून लिहितो. मोफत आहे, लिनक्स-विंडोज दोन्हीवर चालतं. शिकायला वेळ लागतो, पण उन्हातल्या फोटोंसाठी त्यातलं टोन इक्वलायझर हे मॉड्यूल मला सगळ्यात उपयोगी वाटतं. फोटोतला उजेड पट्ट्यांमध्ये विभागलेला असतो. माउस पक्ष्याच्या सावलीतल्या भागावर न्यायचा आणि चाक फिरवायचं, म्हणजे तेवढाच पट्टा वर-खाली होतो. शेजारच्या कडा फुटत नाहीत, कारण आत एक मास्क कडा सांभाळत असतो. जळालेल्या जागेसाठी हायलाइट रिकन्स्ट्रक्शन वेगळं आहे, ते आधी बघा.

माझा मुक्काम काळ्या पक्ष्यांवर जास्त. कोतवाल, दयाळ, चिरक, शिंजीर. लोक म्हणतात उन्हात काळा पक्षी काढू नये. मला उलटं वाटतं. नर शिंजीर सावलीत बसला तर नुसता काळा दिसतो. त्याचा जांभळा-हिरवा रंग पिसांच्या रचनेतून येतो आणि थेट ऊन पडलं तरच पेटतो. मोराच्या मानेचंही तसंच. अशा पक्ष्यांना कडक ऊनच हवं. फक्त चमकत्या जागी बारीक पांढरे ठिपके जळतात, ते कॅमेऱ्यातच सांभाळायचे. मी काळ्या पक्ष्याला पूर्ण एक स्टॉप जास्त देत नाही. चमकणारा असेल तर मध्यम रंगाचाच हिशोब ठेवतो आणि उरलेलं घरी उचलतो.

कोतवाल तारेवर, मागे पांढुरकं आभाळ, हा तर रोजचाच फोटो. यात मी आभाळ वाचवायचा नाद सोडतो. पक्ष्याला हवा तेवढा उजेड देतो, आभाळ कोरं पांढरं होऊ देतो. दुभंगलेली शेपटी कागदावर रेखाटल्यासारखी उठून दिसते. अर्धवट राखाडी आभाळ ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता माझा प्रश्न. नवीन ६०० एमएमची लेन्स घेतली. जवळचे फोटो चाकूसारखे येतात. माळावर लांब बसलेल्या भोवत्याचे (हा शिकारी पक्षी) मात्र सगळे मऊ. फोकस बरोबर पक्ष्यावरच आहे. लेन्स सर्व्हिसला द्यावी का?

मांजराकाठ

थांबा, आधी एक तपासणी करा. एकाच जागी बसलेल्या पक्ष्याचे सलग पंधरा-वीस फोटो घ्या आणि मोठे करून एकापाठोपाठ बघा. लेन्समध्ये दोष असेल तर मऊपणा सगळ्यांत सारखा असतो. प्रत्येक फोटोत कडा वेगळ्या ठिकाणी वाकल्या असतील, एखादा अचानक बरा आला असेल, तर त्या झळा आहेत. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगवेगळ्या घनतेची होते, उजेड तिच्यातून वाकत-वळत येतो. शार्पनिंगने ते जात नाही, डीहेझनेही नाही. डीहेझ धुरकटपणावर काम करतं, झळांवर नाही.

झळा जमिनीलगत सर्वांत जास्त. नांगरलेल्या काळ्या रानावर तर फारच. म्हणून ढेकळावर बसलेल्या भोवत्यापेक्षा तारेवरचा नीलपंख लख्ख येतो, अंतर तेवढंच असलं तरी. पोटावर झोपून फोटो काढणं एरवी उत्तम, पण दुपारी त्यामुळे नजर थेट तापलेल्या थरातून जाते. अशा वेळी उभं राहून काढलेला फोटो बरा येतो. अंतर कमी करणं हा खरा उपाय.

गाडीतून काढत असाल तर बॉनेटवरून फोटो घेऊ नका, इंजिन बंद केल्यावरही तिथून बराच वेळ गरम हवा उठते. एसी चालू ठेवून काच खाली केली तर खिडकीतच थंड-गरम हवेची सरमिसळ होते. एसी आधीच बंद करा, सगळ्या काचा उघडा, आत-बाहेर हवा सारखी होऊ द्या.

हिवाळ्यात पहाटेही धरणावर हे होतं बरं का. पाणी गरम, वरची हवा गार. लोकांना वाटतं थंडीत झळा कशा असतील.

कोतवाल_जालना

सर, तपासलं. झळाच आहेत. प्रत्येक फोटोत शेपटी वेगळीकडे वाकलीय. फार मोठा खर्च आणि मनस्ताप वाचला, मनापासून धन्यवाद.

येलदरीचा_विद्यार्थी

सर, मग आपल्याकडं किती वाजेपर्यंत फोटो काढावेत? सगळे म्हणत्यात नऊच्या आत.

मांजराकाठ

घड्याळापेक्षा महिना बघ. मी भूगोल शिकवतो, तेव्हा हा माझ्या आवडीचा विषय. जायकवाडीजवळचं पैठण साधारण १९.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो अगदी डोक्यावर येतो, तुझी सावली पायाखाली जाते. मेमध्ये सकाळी साडेनऊ-पावणेदहाला सूर्य जेवढा वर असतो, तेवढा डिसेंबरात दिवसभरात कधीच जात नाही.

याचा अर्थ असा की डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पट्टकादंब, चक्रवाक आणि इतर पाहुणे धरणांवर असतात नेमक्या त्या दिवसांत, सूर्य दिवसभर तिरका राहतो. साडेनऊला तो ३० अंशांच्या आसपास असतो. ऊन पाठीमागे घेऊन उभं राहिलं तर पक्ष्याच्या डोळ्यात चमक येते, पोटही उजळतं. नऊच्या आत हा नियम उन्हाळ्याला ठीक. हिवाळ्यात तो पाळून माणसं चांगले दोन तास वाया घालवतात.

शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यावर हाडाची कड असते. सूर्य वर असला की डोळा तिच्या सावलीत जातो, कापशीचा लाल डोळाही काळा खड्डा दिसतो. तिने मान तिरकी करून वर बघितलं की दाबायचं. एडिटमध्ये तो डोळा उकरून काढण्यापेक्षा हे सोपं.

माळावरची_टिटवी

सरांनी मे महिना काढला म्हणून लिहिते. उन्हाळ्यात पाणवठ्यावर चोच उघडी ठेवून बसलेला पक्षी गात नसतो, धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकत असतो. तेव्हा आपण जवळ सरकलो तर तो पाणी न पिता उडतो. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. दुपारी ती अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. ते ओलं पोट फोटोत फार सुंदर दिसतं आणि म्हणूनच लोक जवळ जातात. ती उठली की अंडी तापलेल्या मुरमावर उघडी पडतात. घरट्याचा फोटो दुपारी काढूच नये, आणि कुणी काढून इथे टाकला तर मी तरी त्याच्या उजेडावर काही बोलणार नाही.

सुगरण

+१. पाणवठ्यावर बसायचंच असेल तर पक्षी यायच्या आधी येऊन बसावं आणि ते गेल्यावर उठावं.

चक्रवाक

ताईंच्या मुद्द्याला माझाही पूर्ण पाठिंबा. या धाग्यावर घरट्यांचे फोटो नकोत.

एक राहून गेलं होतं, मागच्या बाजूचं. दुपारी वाळलेलं गवत पक्ष्यापेक्षा जास्त चमकतं आणि नजर तिकडेच जाते. पक्ष्याचा मास्क उलटा करून पार्श्वभूमी अर्ध्या स्टॉपपर्यंत खाली आणा, पिवळ्या रंगाची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी कमी करा. पक्षी आपोआप पुढे येतो, त्याला वेगळं उजळवायची गरज राहत नाही. तेवढ्याने भागत नसेल आणि रंग काही केल्या जुळत नसतील तर फोटो कृष्णधवल करून बघा. शेकाट्याचे लांब पाय, त्यांची पाण्यातली सावली, काळं-पांढरं अंग, हे कडक उन्हात कृष्णधवलमध्ये फार खुलतं. सपाट उजेडात तसं होत नाही.

पोलरायझर फिल्टर वापरणाऱ्यांसाठी: ओल्या चिखलावरची आणि पाण्यावरची चकाकी तो कापतो, पण दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. भर उन्हात तेवढा परवडतो, उडत्या पक्ष्यांना नाही.

येलदरीचा_विद्यार्थी

दादा, तुम्ही सांगितल्यावाणी १/१६०० ठेवून परत काढले. बगळ्याच्या गळ्यावरची पिसं एक-एक मोजता यायलीत! मागचं पाणी काळं आलं, तेच छान दिसायलंय. सुगरणताईंनी सांगितलेल्या बिंदूनं पोट थोडं उजळलं, बाकी काई केलं नाही.

मांजराकाठ

शाब्बास. फोटो बघितला. चोच पिवळी, तोंडाची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली स्पष्ट दिसते. मोठा बगळाच. नोंद टाक.

कोतवाल_जालना

माझी एक शेवटची अडचण. लॅपटॉपवर रंग एकदम बरोबर, पण फोटो इतरांच्या फोनवर फिका दिसतो. उजेडही कमी वाटतो. कशामुळे?

चक्रवाक

दोन कारणं असू शकतात. रंग फिके पडत असतील तर तुम्ही बहुधा अॅडोब आरजीबी या कलर स्पेसमध्ये (रंग साठवायच्या पद्धतीत) एक्स्पोर्ट करत आहात. अनेक फोन आणि अॅप्स ते नीट वाचत नाहीत. एक्स्पोर्टच्या खिडकीत कलर स्पेस एसआरजीबी निवडा, डार्कटेबलमध्ये तो पर्याय आउटपुट प्रोफाइल या नावाने आहे. उजेड कमी वाटत असेल तर तुमच्या स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण असणार. पूर्ण उजळ स्क्रीनवर बसलं की माणूस फोटो गडद करत जातो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, दिवसा खिडकीसमोर बसून एडिट करू नका, आणि हिस्टोग्रामकडे (उजेडाच्या आलेखाकडे) लक्ष ठेवा. हे करून तोच कोतवाल परत टाका, फोनवर कसा दिसतो ते आम्ही सांगतो.